एक दिवसाआडची गाडी

घराची वाटणी झाली तेव्हा कपाटं वाटली गेली, भांडी वाटली गेली, अंगणात छातीएवढी भिंत उभी राहिली आणि एका घराला दोन दारं झाली. उरली ती गाडी. गाडी म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, ताडपत्रीच्या टपाची छोटी जीप. डोंगरावरच्या वेधशाळेपर्यंत दगडगोट्यांच्या वाटेने माल घेऊन चढणारी तेवढी एकच गाडी गावात होती. माणसं, किराणा, गॅसच्या टाक्या, कधी एखादं नाजूक यंत्र, सगळं तिच्यातूनच वर जायचं आणि दोन्ही घरच्या चुली तिच्यावरच पेटायच्या. मधोमध कापता आली असती तर त्या दिवसांत दोघा भावांनी तीही कापली असती. कापता येत नव्हती, म्हणून ठरलं की एक दिवस थोरल्याचा आणि एक दिवस धाकट्याचा. शेड सामाईक, किल्ली शेडमधल्या खिळ्याला. ज्याचा दिवस त्याने सकाळी किल्ली काढायची आणि अंधार पडायच्या आत परत टांगायची. एकमेकांशी बोलायची गरज पडू नये, अशी सगळी सोय करून ठेवली होती.

थोरला पूर्वी दगडाच्या खाणीवर मिस्त्री होता. अवजड गाड्यांच्या खाली पाठीवर झोपून त्याची अर्धी जिंदगी गेली. कुणी गाडी घेऊन आलं की तो तिच्याभोवती एक फेरी मारायचा, चाकाला लाथेने हलकेच डिवचायचा, फडक्याला हात पुसायचा आणि म्हणायचा, “बघू.” गावात त्याचं नावच बघूमिस्त्री पडलं होतं. त्याची बायको सांगायची की लग्नासाठी बघायला आले तेव्हाही मुलगी पसंत आहे का विचारल्यावर हे “बघू” म्हणाले आणि माझे वडील पोह्यांची बशी घेऊन आत निघाले होते.

धाकटा अगदी उलट. त्याचं बोलणं संपायच्या आत त्याचे पाय चालायला लागलेले असायचे. हा चपला घालूनच जेवायला बसतो, असं आई म्हणायची.

वाकडं आलं ते आईवरूनच. तिच्या पोटात गाठ निघाली. धाकटा म्हणाला, लगेच शहरात नेऊन ऑपरेशन करू. थोरला म्हणाला, बघू, तिच्या अंगात जरा ताकद येऊ दे. धाकट्याने कुणाचं न ऐकता ह्याच गाडीत मागे गादी टाकून तिला नेलं. ऑपरेशन नीट झालं, पण आई शुद्धीवर न येताच गेली. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना थोरला भावाकडे न बघता म्हणाला, “घाई केलीस.”

एवढंच. त्याच्या मनात दोष द्यायचा होता की नुसतं दुःख बाहेर पडलं, हे त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही. महिन्याभरात धाकट्याने भिंतीसाठी गवंडी आणला.

गाडीतला आवाज थोरल्याने पहिल्यांदा ऐकला तो चढ लागायच्या आधीच्या डांबरी तुकड्यावर. तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा. त्याने वेग कमी केला तसा आवाज उतरला, वाढवला तसा चढला. डाव्या वळणावर जास्त यायचा आणि उजव्या वळणावर दबायचा, म्हणजे दुखणं उजव्या अंगाला होतं. घरी आल्यावर त्याने मागचं उजवं चाक जॅकवर उचललं, एका हाताने फिरवलं आणि दुसरा तळवा पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवला. हाताला बारीक रखरख लागली. चाक वरखाली हलवलं तर थोडं खुळखुळलं. बेअरिंग अजून गेलं नव्हतं, पण जायला निघालं होतं.

कारणही त्याला कळलं. दोनेक आठवड्यांपूर्वी धाकट्याच्या दिवशी गाडी ओढ्यात रुतली होती. धुऊन आणली तरी मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या पोकळ धुरीवर गाळ राहिला होता. पाणी आत शिरलं होतं, दुसरं काय. पण हे सांगायचं म्हणजे पुन्हा त्याच्याकडे बोट दाखवायचं. एकदा एक वाक्य बोलून थोरल्याने अंगणात भिंत बांधून घेतली होती. दुसऱ्याची त्याला भीती वाटत होती.

म्हणून त्याने बायकोला पुढे केलं. दोघी जावांचं बरं होतं. त्या भिंतीवरून मीठ-साखर द्यायच्या, एकमेकींच्या दोरीवरचे कपडे काढून ठेवायच्या.

“आमचे हे म्हणतायत, मागच्या उजव्या चाकात आवाज येतोय,” थोरली म्हणाली. “तुमच्या कानावर घालायला सांगितलंय.”

उत्तर दुसऱ्या दिवशी चादरी वाळत घालताना आलं. धाकटी म्हणाली, “ताई, हे म्हणतात, आमच्या दिवशी काही आवाज येत नाही. त्यांच्या दिवशी येत असेल तर त्यांनी बघावं.”

थोरली हे नवऱ्याला सांगताना हसली. थोरला हसला नाही.

त्याने नवं बेअरिंग आणलं, तेल अडवणारं ऑइल सील आणलं, बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी लोखंडी कॉलर आणली आणि तिन्ही पुड्या शेडच्या फळीवर, किल्लीच्या खिळ्याशेजारी कुणालाही दिसतील अशा ठेवल्या. पण काम एका दिवसात उरकणारं नव्हतं. चाक, ड्रम, ब्रेकची नळी सोडवून धुरीतून ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, बाहेर ओढायचा, जुनी कॉलर घासून फोडायची, मग ॲक्सल बाजारातल्या लेथवाल्याकडे न्यायचा, त्याच्या प्रेसवर बेअरिंग बदलून आणायचं आणि पुन्हा सगळं जोडायचं. काम धाकट्याच्या दिवसात जाणार, हे नक्की होतं. म्हणजे त्याच्याकडे एक दिवस मागायला हवा होता. “मला तुझा एक दिवस दे.” वाक्य एवढंच होतं.

एका संध्याकाळी तो हातपाय धुऊन भिंतीच्या टोकाला वळसा घालून भावाच्या दाराशी गेलाही. दार लोटलेलं होतं. आत धाकटा बायकोला काहीतरी सांगत होता आणि मधेच घसा खाकरून, आवाज जाड करून म्हणाला, “बघू… बघू…” ती खळखळून हसली. त्यात वाईट काही नव्हतं, अर्धा गाव त्याची ही नक्कल करायचा. पण थोरल्याचा उंबऱ्यापर्यंत गेलेला हात खाली आला. तो आला तसा परतला.

“काय म्हणाले?” बायकोने विचारलं.

“झोपलेत ते.”

बाहेर अजून लख्ख उजेड होता. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

पुढे गुणगुण गेली आणि घरघर आली. थोरला आपल्या दिवशी गाडी हळू हाकायचा, माल कमी भरायचा, उताराला पहिल्या गिअरच्या वर जायचा नाही. अजून आठवडा जाईल, असा त्याने अंदाज बांधला. बेअरिंग कधी दिवस सांगून जात नाही, असं खाणीवर नव्या मिस्त्र्यांना तोच बजावायचा.

ज्या दिवशी गेलं तो दिवस धाकट्याचा होता. सकाळी गाडी निघून गेल्यावर थोरला शेडमध्ये पाना शोधायला गेला आणि जमिनीकडे बघून थबकला. उजवं मागचं चाक जिथे उभं असायचं तिथे तळहाताएवढा काळा ओला डाग होता. त्याने बोट लावून नाकाशी नेलं. धुरीतलं घट्ट तेल. म्हणजे सील फाटलं होतं आणि ॲक्सल आपल्या जागेवरून खाली बसला होता.

भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने भावाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा आवाज आला की हा फोन संपर्कात नाही, म्हणजे गाडी डोंगरात शिरली होती. शेजारी दोन तासांनी बाजारातून परतला, तशी थोरल्याने त्याची मोटारसायकल मागितली. एरवी कुणाची वस्तू मागायची तर तो आठवडाभर विचार करायचा.

अर्ध्या वाटेवर त्याला वेधशाळेचा स्वयंपाकी पायी खाली येताना दिसला. सुट्टीवर घरी निघालेला माणूस, एका हातात पिशवी, दुसरा खांदा खरचटून शर्ट चिकटलेला.

“मिस्त्री, वर जा लवकर,” तो म्हणाला. “चाक निघून पुढे गेलं हो. आमच्या डोळ्यांदेखत आमच्याच पुढे.”

झालं होतं ते असं. गाडी वर नीट पोहोचली. उतरताना तिसऱ्या वळणावर बेअरिंगचे तुकडे झाले आणि ॲक्सल चाकासकट धुरीतून बाहेर सरकला. ड्रम निसटला तसं ब्रेकचं तेल सांडलं आणि ब्रेकचं पायडल सरळ तळाला गेलं. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगराची उभी मातीची कड. धाकट्याने क्लच दाबून गिअर खाली आणायला बघितलं, तो पडला नाही, तेव्हा त्याने गाडी डावीकडे कडेवर घातली. स्वयंपाकी मागच्या बाकावरून रिकाम्या पोत्यांवर फेकला गेला. गाडी थांबली, पण तिचं तोंड आत चेपलं आणि धाकट्याचा डावा पाय क्लचखाली अडकून घोट्यापाशी मोडला.

थोरला पोहोचला तेव्हा धाकटा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. चेहरा चुन्यासारखा.

“पाय अडकलाय,” तो म्हणाला.

थोरला वाकून आत डोकावला आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, “बघू.”

धाकट्याला त्याही स्थितीत हसू फुटलं आणि हसण्याने पाय हलला तसा तो ओरडला. थोरल्याने सीटखालचा जॅक काढला, पायडल आणि पत्रा यांच्यामध्ये आडवा बसवला आणि एकेक आटा फिरवत पायडल वर केलं. पाय सुटला. खालून येणाऱ्या माणसांचे आवाज येईपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले. धाकट्याचं डोकं थोरल्याच्या मांडीवर होतं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात धाकटी भिंतीला टेकून उभी होती. थोरल्याला बघून ती पुढे आली. आजवर ती त्याच्याशी कामापुरतं आणि खाली बघून बोलायची. आज तिने मान वर ठेवली होती.

“तुम्हाला माहीत होतं ना, भाऊजी?”

“हो.”

“मग माणूस घरात शिरून सांगतो. हात धरून सांगतो. दोरीवरच्या कपड्यांबरोबर निरोप धाडत नाही.”

“आलो होतो मी.”

“कधी?”

“आलो होतो. परत गेलो.”

“आईंच्या वेळी ह्यांनी घाई केली म्हणालात. चारचौघांत म्हणालात. आता तुम्ही काय केलंत, तेही एका शब्दात सांगा.”

थोरली नवऱ्याच्या मागेच उभी होती. ती मधे पडली नाही.

चेपलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून शेडमध्ये आणून ठेवली. दरीच्या झुडपात अडकलेलं चाक चार माणसांनी वर काढलं. त्याच्यात घुसलेला ॲक्सल टोकाला निळा पडला होता आणि बेअरिंगच्या जागी खरवडून बारीक झाला होता. तो कामातून गेला. थोरल्याने भंगारवाल्याच्या ढिगातून तसल्याच गाडीचा दुसरा शोधला. त्याच्यावर कुणाचं तरी जुनं बेअरिंग आणि कॉलर गंजून चिकटलेली होती.

धाकटा प्लास्टर घालून घरी आला तेव्हा त्याची खाट पडवीत टाकली. शेडसमोर भिंत नव्हती, गाडीला वाट हवी म्हणून ती शेडच्या आधीच संपवली होती. त्यामुळे खाटेवरून शेड सरळ दिसायची. पहिले काही दिवस धाकटा दुसऱ्या कुशीवर, घराच्या भिंतीकडे तोंड करून पडायचा.

थोरल्याने आधी धुरीचं तोंड बघितलं. बेअरिंग जिथे बसतं ती जागा सुदैवाने ओरखड्यांवरच निभावली होती. ती त्याने बारीक पॉलिश कागदाने गोल गोल फिरवून साफ केली, आतला गाळ आणि लोखंडाचा चुरा रॉकेलने धुऊन काढला आणि बोटाला चुरा लागायचा थांबेपर्यंत धूत राहिला. मग तो कॉलरकडे वळला. ग्राइंडरने ती एका बाजूला घासत न्यायची आणि पापुद्रा उरला की थांबायचं. थोडं जास्त गेलं की खालच्या ॲक्सलला चीर पडते आणि पुढे कधीतरी तिथूनच तो तुटतो. खाणीवर त्याने हे काम डोळे झाकून केलं असेल. आता मात्र तो दोन श्वासांनी ग्राइंडर बंद करायचा, उजेडात धरून बघायचा, पुन्हा लावायचा.

“बस,” पडवीतून आवाज आला.

थोरल्याने मान वर केली. धाकटा कोपरावर उठून इकडे बघत होता.

“रंग बदलला बघ तिथे,” धाकटा म्हणाला. “आता छिन्नी घे.”

थोरल्याने छिन्नी लावून हातोड्याचा एक नेमका ठोका दिला. कॉलर टक् करून फुटली. ॲक्सलला ओरखडा नव्हता. त्याने तो उचलून दुरूनच भावाला दाखवला.

दुपारी त्याने धुरीतून काढलेले बेअरिंगचे तुकडे एका वाटीत घेतले आणि भिंतीचं टोक ओलांडून खाटेपाशी गेला. धाकट्याने एकेक गोळी बोटांत धरून बघितली. कुठे खड्डे पडले होते, कुठे गंजाची साल निघत होती.

“ओढ्यातलं पाणी?”

“हो.”

“म्हणजे माझ्या दिवशीचं.”

“आत गेलं ते तुझ्या दिवशी. मी आवाज ऐकून गप्प बसलो ते माझ्या दिवशी.”

धाकट्याने वाटी हलवून गोळ्या खुळखुळवल्या. मग म्हणाला, “मलाही ऐकू येत होतं, दादा. पहिल्यापासून. तुझ्या आधीपासून असेल. तिला सांगितलं नाही मी. गाडीत रेडिओ मोठा करून ठेवायचो.”

“का रे?”

“मी बोललो असतो तर पुन्हा माझीच चूक निघाली असती. फळीवरच्या पुड्या दिसायच्या रोज. म्हटलं, आणलंय ना त्याने, तो म्हणेल कधीतरी, आण गाडी इकडे.” तो थांबला. “त्या सकाळी तुझा फोन वाजला ना, नाव बघितलं मी. म्हटलं, आता कशाला.”

थोरला खाटेच्या कडेवर बसला. त्याला आईबद्दल बोलायचं होतं. ते दोन शब्द परत घ्यायचे होते, निदान तेव्हा काय म्हणायचं होतं ते सांगायचं होतं. त्याने दोनदा घसा साफ केला. आतून धाकटी चहाचा एकच कप घेऊन आली, तो नवऱ्याच्या हातात दिला आणि थोरल्याकडे न बघता परत गेली. थोरला वाटी उचलून शेडकडे निघाला.

लेथवाल्याच्या प्रेसवर नवं बेअरिंग ॲक्सलवर बसलं, त्याच्यामागून तापवलेली कॉलर बसली. नवं सील थोरल्याने लाकडी ठोकळा धरून चहूबाजूंनी सारखं ठोकलं आणि आतल्या कडेला तेलाचं बोट फिरवलं. ॲक्सल धुरीत सरकवताना दोन माणसं लागतात, एक आत ढकलायला आणि एक टोकाला दिशा द्यायला. बायकोला हाक मारली, तर तिच्याबरोबर न बोलावता धाकटीही आली. तिने पदर खोचला, थोरल्याने दाखवलं तिथे धरलं आणि त्याने सांगितलं तेव्हा ढकललं. काम झाल्यावर तिने हात पुसले.

“ह्या बाजूचं झालं,” ती म्हणाली. “दुसऱ्या बाजूचं?”

“तेही बदलतो.”

“बदला.”

पाय जुळला, पण वाकडा जुळला. घोटा वळेना. क्लच दाबायचा म्हटलं की धाकट्याच्या कपाळावर घाम यायचा. डॉक्टर म्हणाले, चालाल, गाडीचं विसरा. थोरल्याने गाडीचं चेपलेलं तोंड ठोकून सरळ केलं होतं, आता तो रोजच वर जात होता आणि दोन्ही घरं त्याच्यावर होती. सगळ्यांना वाटलं, झालं हे बरंच झालं, भाऊ बोलायला लागले, गाडी एका हातात आली. बोलायचे ते खरंच. सकाळी टायरची हवा, दुपारी वेधशाळेचा निरोप, संध्याकाळी तेलाची पातळी. त्यापलीकडे दोघेही जात नव्हते.

मग एक दिवस धाकटी भिंतीच्या टोकाशी येऊन उभी राहिली.

“भाऊजी, एक दिवस तुमचा आणि एक आमचा, असं ठरलं होतं.”

“हो. पण आता…”

“आमचा दिवस आमच्याकडेच राहील. तुम्ही आमच्यासाठी गाडी चालवून पैसे आणून द्यायचे नाहीत. मला शिकवा.”

थोरल्याच्या ओठांवर त्याचा नेहमीचा शब्द आला. त्याने तो गिळला आणि विचारलं, “कधीपासून?”

“आज आमचा आहे.”

ती भराभर शिकली, पण त्याच्याशी गोड होऊन नाही. गाडीत ती फक्त विचारायची आणि तो फक्त उत्तर द्यायचा. क्लच कुठे सोडायचा, चारही चाकांना जोर कधी लावायचा, उताराला ब्रेकवर पाय ठेवून का बसायचं नाही. चुकली की दात आवळून पुन्हा करायची. धाकटा पडवीत काठी घेऊन बसलेला असायचा. गाडी निघाली की तो आत जायचा आणि परत आली की बाहेर यायचा.

डोंगरावर पहिल्यांदा चढवली त्या दिवशी थोरला तिच्या शेजारी होता. उतरताना तिसऱ्या वळणावर तिने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकून ठेवला. कडेच्या मातीत अजून खोबण दिसत होती.

“इथेच ना?”

“हो.”

ती उतरली. उजवीकडे जाऊन दरीत बघितलं, मग डावीकडे येऊन कडेला हात लावून बघितला. बराच वेळ तिथे उभी होती. थोरला गाडीतच बसून राहिला. उतरावं की नाही, हे त्याला कळेना. अपघाताच्या वेळी नवऱ्याने स्टिअरिंग कोणत्या बाजूला वळवलं आणि दुसऱ्या बाजूला वळलं असतं तर काय, ते ती जागेवर उभी राहून मोजत असावी.

परत येऊन बसल्यावर तिने लगेच गाडी चालू केली नाही.

“रागावलेय मी तुमच्यावर,” ती समोर बघत म्हणाली. “अजून आहे राग. तो जाईल की नाही, मला माहीत नाही.”

“बरं.”

“ह्यांच्यावरही आहे. रेडिओचं सांगितलं त्यांनी मला.”

तिने क्लच दाबला, किल्ली फिरवली. क्लच सोडताना गाडी एक झटका देऊन बंद पडली. तिने पुन्हा फिरवली.

“पहिल्यातच ठेवू?”

“पहिल्यातच,” तो म्हणाला.